ग्रीनस्टेडचे ओंडके नेमके किती जुने?

इंग्लंडच्या एसेक्समध्ये शेतांच्या मधोमध ग्रीनस्टेड नावाचं एक एवढंसं चर्च आहे, आणि त्याच्या मुख्य भागाच्या भिंती चक्क ओकच्या ओंडक्यांच्या आहेत, मधोमध चिरून उभे लावलेले, गोल बाजू बाहेर सपाट बाजू आत. आतून हात फिरवला की वाकसाने तासल्याच्या खुणा अजून लागतात. दोन ओंडक्यांच्या फटीतून वारा येऊ नये म्हणून कडेला खाच पाडून त्यात लाकडाची पट्टी बसवलीये, सुताराला मानलं पाहिजे!

आता गोष्ट अशी की राजा एडमंडला 869 मध्ये व्हायकिंग लोकांनी मारलं, पुढे तो संत झाला आणि 1013 मध्ये त्याचा देह लंडनहून परत नेताना एक रात्र इथे ठेवला होता असं सांगतात. 1960 च्या सुमारास लाकडाचा काळ काढला तर 845 आला, मग काय, सगळे खूश.

पण 1995 मध्ये लाकडाची वलयं परत मोजली. झाड दरवर्षी एक वलय वाढवतं, चांगल्या वर्षी रुंद, वाईट वर्षी बारीक, आणि एका भागातल्या झाडांचा हा पॅटर्न साधारण सारखाच असतो, त्यामुळे बारकोडसारखा जुळवून वर्ष काढता येतं (आपल्या सागवानातही अशी वलयं असतात, पुण्यात त्यावरून जुन्या पावसाचा अभ्यास झालाय). इथे शेवटचं सापडलेलं वलय निघालं 1053 चं. गंमत म्हणजे सालीखालचा पांढरट कोवळा थर बऱ्याचदा कीड खाते किंवा सुतारच तासून टाकतो, ओकमध्ये त्याची साधारण 10 ते 55 वलयं धरतात, म्हणजे झाड तोडलं 1063 ते 1108 च्या मधे कधीतरी.

म्हणजे 1013 ला हे ओंडके रानात पानं हलवत उभे होते! तरी कथा लगेच खोटी ठरत नाही हां, कारण खोदकामात आताच्या चर्चखाली आधीच्या लाकडी बांधकामाच्या खुणा मिळाल्यात, देह ठेवला असेल तर तिथे.

बाकी विटांचा भाग 1500 च्या आसपासचा. 1848 च्या दुरुस्तीत ओंडक्यांचे कुजलेले बुंधे कापून खाली विटांचं जोतं घातलं, त्यामुळे आज दिसतात ते ओंडके मूळच्यापेक्षा बुटके आहेत.