ज्येष्ठ नागरिक संघाची नोंदणी: सात सह्यांपासून बदल अर्जापर्यंत

बागेतल्या कट्ट्यावर दहा-बारा निवृत्त मंडळी जमतात. कुणी संस्कृत शिकवतं, कुणी मोबाइलवरून वीजबिल कसं भरायचं ते दाखवतं, कुणी एकट्या राहणाऱ्या आजींना दवाखान्यात सोबत करतं. वर्ष-दोन वर्षं हे सगळं कागदाशिवाय छान चालतं. मग कुणीतरी हॉल द्यायला तयार होतं, किंवा महापालिकेचं विरंगुळा केंद्र चालवायला मिळण्याची शक्यता दिसते, आणि पहिला प्रश्न येतो, "संघाची नोंदणी आहे का?" गेल्या काही वर्षांत तीन-चार गटांच्या फायली मी स्वतः लावून दिल्या. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो.

महाराष्ट्रात अशा संघाची नोंदणी दोन कायद्यांखाली होते. आधी 1860चा संस्था नोंदणी अधिनियम, मग 1950चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होत असल्याने लोकांना ती एकच नोंदणी वाटते. पण प्रमाणपत्रं दोन असतात आणि नंबरही दोन. संस्थेच्या नंबरात 'महाराष्ट्र', वर्ष आणि जिल्हा येतो; विश्वस्त व्यवस्थेचा नंबर 'एफ' अक्षराने सुरू होतो. पहिली नोंदणी झाली की तीन महिन्यांच्या आत दुसरीचा अर्ज विश्वस्तांनी, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, करायचा असतो. पहिलं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं आणि दुसरा अर्ज राहूनच गेला, असे संघ मी पाहिले आहेत.

पात्रतेचं म्हणाल तर कायद्याला किमान सात जण हवेत. वयाची अट कायद्यात नाही, ती तुम्ही नियमावलीत घालायची. राज्याच्या ज्येष्ठ नागरिक धोरणात 2018पासून 60 वर्षं धरली जातात, त्यामुळे पूर्ण सभासदत्वासाठी तेच वय ठेवणं सोयीचं. पण त्याखालच्यांना सहयोगी सभासद म्हणून दार उघडं ठेवा. पंचावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतलेली एखादी शिक्षिका तुमच्या संघाची सगळ्यात मोठी ताकद ठरू शकते. सातही जण एकाच घरातले किंवा एकमेकांचे नातलग नसावेत.

आता कागदपत्रं. पहिल्या सभेचं इतिवृत्त, संघाचं नाव, उद्देश आणि सातही जणांची नावं, पत्ते, वय व व्यवसाय असलेलं ज्ञापन, आणि कार्यकारी मंडळाच्या किमान तीन सदस्यांनी खरी प्रत म्हणून सही केलेली नियमावली, हा फायलीचा गाभा. त्याला कार्यकारी मंडळाची यादी, प्रत्येकाचं संमतीपत्र, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, कार्यालयात ये-जा करणाऱ्या एकाच्या नावाने अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र आणि जागामालकाचा ना हरकत दाखला जोडायचा. दाखल्यासोबत त्या जागेचं वीजबिल किंवा करपावती द्या. अर्ज धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरून भरता येतो. नावाचे दोन-तीन पर्याय तयार ठेवा, कारण आधीच घेतलेलं किंवा सरकारी वाटणारं नाव मिळत नाही. आणि आधार कार्डावर, संमतीपत्रात आणि ज्ञापनात नाव अक्षरन् अक्षर सारखं लिहा. 'शंकरराव' आणि 'शंकर' एवढ्या फरकावरूनही फाईल परत येते.

जास्तीत जास्त वेळ द्यायचा तो उद्देशांना. बहुतेक जण तयार नमुना उतरवतात: सहली, वाढदिवस, करमणूक. मग दोन वर्षांनी संगणकवर्ग किंवा जेवणाच्या डब्यांची योजना सुरू करायची वेळ येते, तेव्हा ती उद्देशात बसत नाही. उद्देश बदलायचे तर कायद्याने लांबची वाट आहे. दहा दिवस आधी प्रस्ताव सभासदांकडे पोचवायचा, विशेष सभा घ्यायची, तीन-पंचमांश मतं मिळवायची आणि महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन तेच पुन्हा मंजूर करायचं. त्यापेक्षा सुरुवातीलाच 'सभासदांनी एकमेकांना शिकवणं, अभ्यासवर्ग, व्याख्यानं, वाचनालय, एकाकी ज्येष्ठांना घरी जाऊन मदत, शासकीय कामांत साहाय्य' असं स्पष्ट लिहून टाका. 'एकमेकांना शिकवणं' हे शब्द मी मुद्दाम घालायला सांगतो. निवृत्तांसाठी विद्यापीठ ही कल्पना 1973 साली फ्रान्समधल्या तुलूझला रुजली तेव्हा शिकवायला प्राध्यापक होते. पुढे ब्रिटनमधल्या गटांनी ती बदलून सभासदांनाच शिक्षक केलं. आपल्या कट्ट्यावर आपसूक तेच चालू असतं, फक्त ते कागदावर आलं पाहिजे.

'शासकीय कामांत साहाय्य' हेही शोभेचं कलम नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची किती धावपळ होते ते बँकेत जाऊन पाहा. केंद्राच्या 80 वर्षांवरील पेन्शनरांना तो 1 ऑक्टोबरपासून देता येतो, हेही अनेकांना ठाऊक नसतं. बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून परत पाठवलेल्या आजोबांना चेहऱ्यावरून दाखला काढून देणारा सभासद संघात असला, की त्या एका महिन्यात संघाचं मोल सगळ्या वॉर्डाला कळतं.

प्रमाणपत्रं हातात आली की ठराव करून पॅन काढा आणि बँकेत खातं उघडा. चेकवर दोन सह्या ठेवा, पण अधिकार तिघांना द्या. त्याचं कारण खाली आहे. हिशेब 31 मार्चला बंद करायचे, सनदी लेखापालाकडून सहा महिन्यांच्या आत तपासून घ्यायचे आणि अहवाल धर्मादाय कार्यालयाला द्यायचा. वार्षिक सभेनंतर 14 दिवसांत कार्यकारी मंडळाची यादीही पाठवायची असते.

एवढं सगळं नीट करणारे संघ अडकतात ते बदल अर्जावर. विश्वस्त बदलला, मग तो राजीनाम्याने बदललेला असो, निवडणुकीने असो की निधनाने, तर 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. त्याला सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, इतिवृत्त, नव्या माणसाची संमती आणि कारणाप्रमाणे राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला जोडायचा. इतर संस्थांत विश्वस्त वीस-वीस वर्षं तेच असतात. आपल्या संघात तसं होत नाही. माणसं थकतात, मुलांकडे पुण्याला किंवा परदेशी जातात, आणि काही जातात ती कायमची.

आमच्या भागातल्या एका संघात खजिनदार अचानक गेले. अध्यक्ष तेव्हा मुलीकडे ऑस्ट्रेलियात होते. बँकेने परिशिष्ट 1चा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीचा, उतारा मागितला, तर त्यावर सात वर्षांपूर्वीची नावं होती आणि त्यातले तिघे हयात नव्हते. मधल्या निवडणुकांचा एकही बदल अर्ज गेलेला नव्हता. एकट्या राहणाऱ्या नऊ जणांच्या डब्यांचे पैसे त्या खात्यात अडकले, आणि सभासदांनी आठ महिने खिशातून वर्गणी काढून डबे चालू ठेवले. इतिवृत्ताच्या वह्या खजिनदारांच्या घरी पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. त्यांच्या सुनेने त्या काढून दिल्या तेव्हा शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'बदल अर्ज करणे बाकी.' उशीर माफीच्या अर्जासह सगळे बदल एकामागून एक दाखल केल्यावर खातं सुरू झालं.

तेव्हापासून मी प्रत्येक नियमावलीत दोन कलमं घालायला सांगतो. एक, विश्वस्ताचं पद रिकामं झाल्यापासून 30 दिवसांत कार्यकारी मंडळाची सभा घेऊन ते भरायचं. दोन, सलग सहा महिने गावाबाहेर राहणाऱ्या पदाधिकाऱ्याचा कार्यभार उपपदाधिकाऱ्याकडे आपोआप जाईल. शिवाय मूळ प्रमाणपत्रं संघाच्या कपाटात ठेवायची, किल्ल्या दोघांकडे द्यायच्या आणि स्कॅन केलेल्या प्रती तिसऱ्याकडे ठेवायच्या. बदल अर्ज मंजूर झाला की परिशिष्ट 1चा नवा उतारा मागून घ्या आणि त्याच आठवड्यात बँकेत द्या.