नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

घरातील कर्ता माणूस गेला की तेराव्याच्या आतच कोणीतरी जाणतेपणाने सांगते, ‘खात्यावर नॉमिनी म्हणून ज्याचे नाव, पैसा त्याचा.’ हा समज जुना आहे आणि चुकीचाही.

बँकेतील ठेवीसाठी नेमलेला नॉमिनी हा कायद्याच्या दृष्टीने रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो. त्याच्या हाती पैसे देऊन बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी होते, परंतु त्या पैशांवरील हक्क मृत्युपत्राप्रमाणे, आणि मृत्युपत्र नसल्यास वारसा कायद्याप्रमाणे, वारसांचाच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत 1984 मध्ये आणि शेअर्सबाबत 2023 मध्ये हीच भूमिका घेतली. विम्यात मात्र 2015 च्या दुरुस्तीने एक महत्त्वाचा अपवाद आला: आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुले नॉमिनी असतील, तर सर्वसाधारणपणे रक्कम त्यांच्याच मालकीची होते.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेतही नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो, त्यामुळे केवळ नामांकनाच्या बळावर त्याला सदनिका विकता येत नाही. भावंडांतील कितीतरी अबोला येथूनच सुरू होतो.

म्हणून नामांकन निरुपयोगी आहे, असे नाही. ते असल्यास बँक सहसा उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे वारसांना न्यायालयाकडून मिळणारा दाखला, मागत नाही. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करून मृत्यूच्या दाखल्याच्या अनेक प्रती घ्याव्यात आणि बँकेला कळवावे. दिवंगताच्या एटीएम कार्डाने पैसे काढणे, हेतू कितीही चांगला असला, तरी टाळावे.