मांजर आजारी आहे हे कसं ओळखाल?

मांजर दुखणं दाखवत नाही. कपाटाखाली, पलंगाच्या कोपऱ्यात गप्प बसून राहतं. म्हणून ‘झोपलंय बिचारं’ म्हणण्याआधी त्याची शू, जेवण आणि श्वास बघा.

शूचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त उशीर तिथेच होतो. बोका पुन्हा पुन्हा वाळूच्या ट्रेमध्ये जातो, कुंथतो, ओरडतो, मागची जागा चाटत राहतो आणि चार थेंबही धड पडत नाहीत. घरच्यांना वाटतं, शी अडकली आहे. मग कुणी दूध पाजतं, कुणी एरंडेल. खरं तर बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते आणि ती बारीक खड्यांनी किंवा चिकट स्रावाने बंद झालेली असते. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. आमचा दवाखाना बंद असेल तर जो उघडा असेल तिथे न्या.

मोठ्या मांजराने 24 तास तोंडाला काही लावलं नाही, तर फोन करा. पिल्लू असेल तर त्याहून लवकर. गुबगुबीत मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर चरबी यकृतात साचते, कावीळ होते. हिरड्या आणि कानाची आतली बाजू पिवळी दिसते. शिंका, चिकटलेले डोळे, चोंदलेलं नाक ही कॅट फ्लूची लक्षणं. वास येत नाही म्हणून ते खात नाही, तेव्हा उपचार चालू असताना जेवण थोडं कोमट करून द्या. पिल्लाला उलट्या, जुलाब, ताप असेल आणि ते पाण्याच्या वाटीशी मान टाकून बसलं असेल, तर पॅनल्यूकोपेनियाची, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची, शंका घ्या आणि त्याच दिवशी आणा. याची लस आहे. आठव्या आठवड्याच्या सुमारास पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढची.

झोपलेल्या मांजराची छाती मिनिटाला साधारण 15 ते 30 वेळा वर-खाली होते. मोबाइलमध्ये वेळ लावून मोजा. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर लगेच निघा.

म्हातारं मांजर अचानक खूप पाणी पिऊ लागलं आणि वाळू लागलं, तर मूत्रपिंड, मधुमेह, थायरॉइड तपासायला हवं. अंगावर गोल टक्कल पडलं तर ते गजकर्ण असू शकतं. ते माणसांनाही लागतं, लहान मुलांना जपा.

आता हात जोडून एक विनंती. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा नाही. मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, जीव जातो. कुत्र्यांचं परमेथ्रिन असलेलं गोचिडांचं औषधही मांजराला लावू नका. चुकून दिलं गेलंच असेल तर लपवू नका. कुणी रागावणार नाही. औषधाचं पाकीट सोबत आणा आणि किती दिलं, किती वाजता दिलं, ते सांगा.