सहा वर्षांखालील शिक्षणाचा हक्क: एका वगळणुकीची पार्श्वभूमी

तीन ते सहा या वयाच्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे पुन्हा चर्चेत आला असला, तरी त्याचा गुंता मुख्यतः २००२ मधील ८६ व्या घटनादुरुस्तीने निर्माण केलेला आहे. त्याआधी या वयाची मुले धोरणकर्त्यांना दिसतच नव्हती, असे म्हणता येणार नाही. युद्धोत्तर शिक्षणविकासाच्या १९४४ च्या आराखड्यात तीन ते सहा वयोगटातील दहा लाख मुलांची विनामूल्य सोय करावी, अशी शिफारस होती. गांधीजींच्या नई तालीमच्या, म्हणजे हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या बुनियादी शिक्षणाच्या, विचारात १९४५ मध्ये पूर्वबुनियादी शिक्षणाचा टप्पा आला आणि त्याच वर्षी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे ग्रामीण बालशिक्षणाचे ते काम सुरू झाले, जे पुढे कोसबाडला नावारूपाला आले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने पाड्यावर जावे, महागड्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, पाने यांवर भागवावे आणि आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे यांनाही शिक्षणच मानावे, ही त्या कामाची भूमिका होती. ‘अंगणवाडी’ हे नावही सरकारी योजनेच्या कितीतरी आधी तिथल्या पाड्यांवर रुळलेले होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरजू मुलांना पुढील उपचारांसाठी पाठवणे), पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा अंगणवाडीच्या एकाच छपराखाली देण्याचा हा विचार निःसंशय दूरदृष्टीचा होता. प्रत्यक्षात मात्र वजनकाटा, आहाराचे वाटप आणि नोंदवह्या यांचा हिशेब रोज द्यावा लागे, आणि गाणी-गोष्टी झाल्या की नाही हे सहसा कोणी विचारत नसे. साहजिकच सहावी सेवा मागे पडत गेली. शिवाय योजना महिला व बालविकासाच्या यंत्रणेकडे आणि शाळा शिक्षण विभागाकडे, अशी प्रशासकीय फाळणी झाली, ती आजतागायत पुरती मिटलेली नाही.

घटनेच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे म्हटले होते. त्यात वयाची वरची मर्यादा होती, खालची नव्हती. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच तरतुदीचा आधार घेऊन चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हाही खालची मर्यादा घातली नव्हती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने हा हक्क घटनेत लिखित स्वरूपात आणताना संसदेने मात्र अनुच्छेद २१-क मध्ये सहा ते चौदा हा वयोगट घातला आणि सहा वर्षांखालील बालकांची देखभाल व शिक्षण नव्याने लिहिलेल्या अनुच्छेद ४५ मध्ये, म्हणजे न्यायालयात दाद मागता न येणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत, ठेवले. अनेक संघटनांनी त्या वेळीच यावर आक्षेप घेतला होता. प्राथमिक शिक्षणाचाच भार पेलताना तिजोरीची दमछाक होते, ही समर्थकांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. परंतु ज्या दुरुस्तीचे हक्कदात्री म्हणून स्वागत झाले, तिनेच न्यायालयाने खुला ठेवलेला हक्क आकुंचित केला, हे नाकारता येत नाही. त्याच दुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या पाल्यांना शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्यही ठरवले.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने हीच रेघ पुढे ओढली. कलम ११ नुसार तीन वर्षांवरील बालकांसाठी मोफत पूर्वशालेय शिक्षणाची व्यवस्था शासन करू शकते. करावीच, असे बंधन नाही. दुसरीकडे कलम १२ ने खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखीव पंचवीस टक्के प्रवेशांची तरतूद, शाळेत पूर्वशालेय वर्ग असल्यास, त्या वर्गांनाही लागू केली. म्हणजे ज्या वयाचे शिक्षण सरकारवर बंधनकारक नव्हते, त्याच वयाच्या राखीव जागा खासगी शाळेने भरायच्या होत्या. प्रवेशाचा टप्पा नर्सरी धरायचा की पहिली, आणि त्या वर्गांच्या शुल्काची प्रतिपूर्ती कोणी करायची, यावरचे वाद या विसंगतीतून निघाले. तोवर शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही ज्युनिअर केजी, सीनिअर केजीचे वर्ग फोफावले होते. जिल्हा परिषदेची शाळा पहिलीपासून सुरू होते आणि मूल तिसऱ्या वर्षीच दुसरीकडे जाते. पटसंख्येच्या चर्चेत हे कारण जेवढे पुढे यायला हवे तेवढे येत नाही.

२०१३ मध्ये प्रारंभिक बाल्यावस्थेसाठी स्वतंत्र राष्ट्रीय धोरण आले. २०१५ मध्ये विधी आयोगाने सहा वर्षांखालील बालकांच्या देखभालीचा आणि शिक्षणाचा मूलभूत हक्क घटनेत समाविष्ट करावा आणि कलम ११ बंधनकारक करावे, अशी शिफारस केली. ती तशीच पडून राहिली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा लागू असल्याचा निकाल दिला, तेव्हा अंगणवाडीत पूर्वशालेय शिक्षण दिले जाते, याचा आधार घेतला. मानधनावर राबणाऱ्या सेविकेचे शिक्षकपण तिच्या उपदानाच्या दाव्यात मान्य व्हावे, हा या इतिहासातला एक विलक्षण योग आहे. महाराष्ट्रातील सेविकांनी डिसेंबर २०२३ मध्ये संप पुकारला, त्या वेळीही त्यांच्या मागण्यांत उपदान होतेच.

२०२० च्या धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून अंगणवाडी आणि पहिली-दुसरी एका अभ्यासक्रमात आणली, त्याचा आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि हे शिक्षण २०३० पर्यंत सर्वांपर्यंत पोहोचवण्याचे उद्दिष्टही ठरले. मात्र धोरण हा कायदा नसतो, आणि शिक्षणहक्क कायद्यातील हक्काचे वय अद्याप सहा ते चौदा हेच आहे.