मोका पॉट आणि साउथ इंडियन फिल्टर: पाणी ढकलतं कोण?

मोका पॉट म्हणजे गॅसवर ठेवून कॉफी करायचं इटालियन भांडं. कुणी तो नवा घेतला की आठवड्याभरात तक्रार येतेच. कॉफी जळकी लागते, वर चढायला फार वेळ लागतो, चढली तरी फसफसत येते, मधूनच बाजूने वाफ जाते. पावडर कुठली घातली विचारावं तर उत्तर ठरलेलं: "घरातलीच, फिल्टरची." आणि भरली कशी? "चांगली दाबून, फिल्टरमध्ये भरतो तशी." यात भांड्याचा काहीच दोष नसतो. दोन मजली धातूचं भांडं, मध्ये भोकांची जाळी, एका मजल्यावर जमणारी काळी दाट कॉफी, एवढं साम्य बघून लोक मोका आणि साउथ इंडियन फिल्टर एकच समजतात आणि एकाची सवय दुसऱ्याला लावतात. उलटही होतं. डिकॉक्शन, म्हणजे पावडरीतून झिरपलेली दाट काळी कॉफी, लवकर उतरावं म्हणून साउथ इंडियन फिल्टर भरून गॅसवर ठेवणारे आहेत. खाली जमलेलं डिकॉक्शन त्याने उकळतं आणि कडवट होतं, वरून उतरायचा वेग मात्र वाढत नाही.

फिल्टर बहुतेकांच्या ओळखीचा आहे, म्हणून थोडक्यात. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं, त्यात पावडर, पावडरीवर दांडीची चकती, वरून उकळीचं पाणी, झाकण. डिकॉक्शन खालच्या भांड्यात उतरेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास थांबायचं.

मोका पॉटमध्ये पाणी खाली असतं. त्यात नळीचं नरसाळं बसतं, नरसाळ्याच्या वाटीत पावडर, आणि वरचं भांडं आट्यांवर घट्ट फिरवून बसवायचं. आल्फोन्सो बियालेत्ती यांनी 1933 साली इटलीत हा अष्टकोनी ॲल्युमिनियमचा पॉट आणला आणि त्याची घडण आजही जवळपास तशीच आहे. गॅसवर ठेवल्यावर खालच्या भागातली हवा आणि वाफ कोंडते. त्या दाबाने पाणी नळीतून वर चढतं, पावडरीतून पार होतं आणि वरच्या भांड्यात येतं.

सगळा घोळ इथेच आहे. फिल्टरमध्ये पाण्याला ढकलायला त्याच्या स्वतःच्या वजनाखेरीज काही नाही. वाट अडली तर ते थांबतं, मग सावकाश झिरपतं, बिघडत काहीच नाही. पाणी पावडरीत जितकं रेंगाळेल तितकं डिकॉक्शन दाट उतरतं. म्हणून तिथे चकती ठेवून हलक्या हाताने दाबणं बरोबर आहे. वरून ओतलेल्या पाण्याने पावडर उसळत नाही आणि पाणी सगळीकडून सारखं उतरतं.

मोकामध्ये पाण्याला थांबायची सोयच नाही. खाली आच चालू आहे, दाब वाढतच जाणार. पावडर दाबून भरली की पाणी अडतं, तापतं, आणि शेवटी पावडरीत जिथे कच्ची जागा सापडेल तिथून भसकन वर येतं. त्या एका वाटेवरची पावडर पार पिळून निघते आणि तिचा सगळा कडूपणा कॉफीत उतरतो, बाजूची पावडर मात्र जेमतेम भिजते. कॉफी एकाच वेळी कडू आणि पाणचट लागते ती यामुळे. वाट मुळीच मिळाली नाही तर वाफ दोन भागांमधल्या रबरी रिंगच्या कडेने निसटते किंवा बाजूचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. तो व्हॉल्व्ह त्यासाठीच दिलेला असतो, म्हणून पाणी कायम त्याच्या खालीच भरावं.

तेव्हा मोकाच्या वाटीत पावडर दाबायची नाही. चमच्याच्या पाठीने "थोडीशी"सुद्धा नाही. वाटी काठोकाठ भरा, ओट्यावर हलकेच एकदा आपटा, बोट फिरवून वरून सपाट करा. काठावर पडलेले कण पुसून काढा, कारण ते रिंगखाली अडकले की आटे घट्ट बसले तरी फट राहते. दाबायची कल्पना एस्प्रेसो मशीनवरूनही येते. तिथे पंप साधारण 9 बार दाबाने पाणी ढकलतो, म्हणून घट्ट दाबलेली पावडर लागते. मोकात जेमतेम 1 ते 2 बार दाब तयार होतो. असं असताना मोकाच्या खोक्यावर "एस्प्रेसो मेकर" छापलेलं बघितलं की मला खरंच राग येतो. त्या दोन शब्दांपायी लोक पावडर दाबतात, जाड फेसाची वाट बघतात आणि तो आला नाही की चांगलं भांडं माळ्यावर टाकतात.

पावडरीचंही याच अंगाने बघायचं. दुकानातली तयार फिल्टर पावडर बारीक, बोटांना चिकटणारी असते आणि बहुधा तिच्यात चिकोरी असते. चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं मूळ. तिचा बराच भाग पाण्यात उतरतो, उरलेला फुगतो आणि चिकट होतो. फिल्टरमध्ये हा गुण आहे. पाणी धरून ठेवलं जातं, डिकॉक्शनला अंग येतं, भरपूर दूध घातलं तरी कॉफी दबत नाही. मोकामध्ये तीच चिकोरी जाळीवर लगदा होऊन बसते आणि वर सांगितलेली सगळी रड सुरू होते. मोकाला शुद्ध कॉफीच हवी, बारीक मिठाच्या कणांएवढी दळलेली.

चिकोरीला नाकं मुरडणारे मला पटत नाहीत. दुधाच्या कॉफीला 80 भाग कॉफी आणि 20 भाग चिकोरी हे प्रमाण मला सगळ्यात आवडतं. मात्र पाकीट उलटून बघा. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असावी लागते, म्हणजे जवळपास निम्मी चिकोरी असलेलं पाकीटही कायद्यात बसतं. प्रमाण छापणं बंधनकारक आहे, पण ते बारीक अक्षरात असतं. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आसपास अजून समोर दळून देणारी दुकानं आहेत. तिथे हवं ते प्रमाण सांगता येतं, आणि मोकासाठी "चिकोरी नको, जरा जाडसर" एवढं सांगितलं तरी भागतं.

आता आच. मोकात गार पाणी भरून मोठ्या गॅसवर ठेवू नका. पाणी आधी गरम करून भरा, म्हणजे भांडं तापेपर्यंत पावडर भाजत बसत नाही. खालचा भाग फडक्याने धरून वरचा फिरवा, हात भाजतो. गॅस बारीक, वरचं झाकण उघडं. आधी गडद, दाट, संथ धार येईल. मग ती फिकी होत जाईल. धार पिवळसर होऊन गुरगुर ऐकू आली की ताबडतोब उतरवा. ती गुरगुर म्हणजे खालचं पाणी नळीच्या तोंडाखाली गेलंय आणि आता पावडरीतून वाफ जातेय. जळकट चव शेवटच्या त्या अर्ध्या मिनिटात येते. खाली घोटभर पाणी उरतं, ते तसंच असायला हवं.

फिल्टरचा त्रास वेगळा. डिकॉक्शन मध्येच उतरायचं थांबतं आणि लोक चमच्याने पावडर ढवळतात. ढवळू नका. पुष्कळदा दोन्ही भांडी एकमेकांत इतकी घट्ट बसलेली असतात की खालची हवा बाहेर पडत नाही. वरचं भांडं जरासं उचलून परत ठेवा, थेंब सुरू होतात. तरीही थांबत असेल तर धुतल्यावर तळ उजेडाकडे धरून बघा. भोकं बुजलेली दिसली तर स्टीलचं रिकामं भांडं क्षणभर गॅसच्या ज्योतीवर धरायचं, अडकलेला गाळ जळून जातो. फिल्टर आचेवर धरायचा तो एवढ्यापुरताच.

बियांबद्दल फार लिहीत नाही. दूध घालणार असाल तर मध्यम ते गडद भाजलेल्या घ्या, थोडी रोबस्टा (कॉफीची कडक, कडवट जात) असलेलं मिश्रण उत्तम. काळी पिणार असाल तर मोकासाठी मध्यम भाजलेली अरेबिका, म्हणजे सौम्य चवीची जात, घ्या. पीबेरी ही वेगळी जात नाही. फळात दोनाऐवजी एकच गोल बी धरली की ती पीबेरी. चांगली असते, पण नुसत्या नावासाठी दुप्पट पैसे देऊ नका. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर ते पाकीट परत ठेवून द्या, एक्स्पायरी डेट तिथे काही सांगत नाही.

आणि मिक्सर नको. मसाल्याच्या भांड्यात दळलेल्या कॉफीत एकाच वेळी पीठ असतं आणि कणीही असते. फिल्टर ते बरंचसं सोसतो, मोका नाही, कारण पीठ जाळीत बसतं आणि कणीतून पाणी निसटून जातं. सिरॅमिक किंवा स्टीलच्या दात्यांचा साधा हातग्राइंडर घ्या. तेवढा खर्च नको असेल तर विकत घेताना दुकानातूनच दळून आणा, पण थोडी थोडी, पंधरवड्याला पुरेल एवढीच.

मोका घेताना माप नीट बघा, परत करायची वेळ बऱ्याचदा यावरून येते. त्यावरचा "कप" म्हणजे आपला चहाचा कप नाही, इटालियन छोटा कप, साधारण 50 मिलिलिटरचा. तीन कपांच्या पॉटमधून एका माणसाची मग भरून काळी कॉफी किंवा दोघांची दुधाची कॉफी होते. मोठा घेऊन अर्धा भरायचा हिशेब चालत नाही, वाटी दरवेळी पूर्णच भरावी लागते. घरात कधी एक माणूस आणि कधी सहा पिणारे असतील तर फिल्टरच घ्या, त्यात पावडर कमीजास्त केली तरी निभतं आणि डिकॉक्शन फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहतं. इंडक्शनवर स्वयंपाक असेल तर ॲल्युमिनियमचा मोका तापणारच नाही, तळाला चुंबक चिकटतो असा स्टीलचा मागा.