‘कृपया आहेर आणू नये’ : साठी, पंचाहत्तरी आणि सहस्रचंद्रदर्शनाच्या निमंत्रणातील एका ओळीची पार्श्वभूमी

वयाची साठ वर्षे पूर्ण झाली की उग्ररथ शांत, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री आणि एक्याऐंशीच्या आसपास सहस्रचंद्रदर्शन, हा क्रम परिचित आहे. मात्र या शांतींच्या मूळ विधीत पाहुण्याने काही आणावे अशी अपेक्षा नव्हती, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. देणारा होता तो यजमान. गाय, भूमी, तीळ, सोने, तूप, वस्त्र, धान्य, गूळ, चांदी आणि मीठ ही दशदाने त्याच्या हातून सुटत. मोगल बादशहांच्या वाढदिवशी होणाऱ्या तुलेतही पारड्यात घातलेले सोने, धान्य व कापड पुढे वाटले जाई. आप्तांकडून उपरणे आणि लुगडे, तसेच पत्नीच्या माहेरून जोडाहेर येत असे. पण तो कुटुंबातील मानपानाचा भाग होता.

सार्वजनिक सत्कारांनी ही दिशा बदलली. मंडालेहून सुटून दोन वर्षे झालेल्या लोकमान्य टिळक या नेत्याला 23 जुलै 1916 रोजी, त्याच्या साठीनिमित्त, पुण्यात एक लाख रुपयांची थैली अर्पण करण्यात आली. त्याच सुमारास राजद्रोही भाषणांबद्दल वीस हजारांचा जातमुचलका मागणारी नोटीसही त्याच्या हाती पडली. थैली त्याने स्वतःसाठी न ठेवता राष्ट्रकार्याला दिली. पुढे लेखक, शिक्षक, कार्यकर्ते यांच्या साठीला गौरवग्रंथ, मानपत्र आणि निधी देण्याची जी रीत रूढ झाली, तिच्यात सत्कारमूर्तीने रक्कम स्वीकारून ती, पुष्कळदा स्वतःची भर घालून, एखाद्या कार्याकडे वळवणे हेच शिष्टसंमत ठरले.

घरगुती समारंभांत मात्र लग्नातला व्यवहार जसाच्या तसा उतरला. मंगल कार्यालय, बुफे, दाराशी टेबल, टेबलावर वही. स्टीलची भांडी स्वस्त झाली तेव्हा देणाऱ्याचे नाव आणि तारीख घातलेले डबे व ताटे आली. नंतर भिंतीवरची घड्याळे आली आणि अखेरीस एक रुपया चिकटवलेले पाकीट. वहीचे महत्त्व येथे समजून घेतले पाहिजे. कोणी किती दिले याची नोंद कौतुकापोटी होत नसे, तर त्यांच्या घरी कार्य निघाले म्हणजे तेवढे, किंवा किंचित अधिक, परत करता यावे यासाठी होत असे. आहेर हे फिरते देणे होते आणि ते फेडण्याची संधी मिळणे हाही मानाचाच भाग होता.

या पार्श्वभूमीवर ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ पत्रिकेत आली. तिचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे सरळ आहे : मुले कमावती आहेत, घर भरलेले आहे आणि पंचाहत्तरीच्या माणसाला सहावा लेमन सेट नको आहे. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा सहसा नीट ऐकला जात नाही. ज्या घराने आपल्या दोन लग्नांत आणि एका मुंजीत या यजमानाकडून आहेर स्वीकारला, त्याला परतफेडीची वेळ आल्यावर दार बंद केले जाते, आणि ते बंद करणारा बहुधा दोघांपैकी अधिक सधन असतो. त्यामुळे औदार्य म्हणून छापलेली ओळ वाचणाऱ्याला वरचढपणाची वाटते. हा आक्षेप निव्वळ भावनिक म्हणून सोडून देता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गोंधळ वाढवला तो अंमलबजावणीने. ओळ छापायची, पण माहेरचा आहेर अपवाद मानायचा. व्यासपीठावर साडी-शेला घ्यायचा, पण बाकीच्यांची पाकिटे हात जोडून परत करायची. किंवा, आणि हे सर्वांत वाईट, ‘नाही म्हटले होते’ असे म्हणत घ्यायची. यातून पाहुण्यांना एकच धडा मिळाला : ओळ कशीही असो, पाकीट खिशात असू द्यावे. विधवा आईच्या पंचाहत्तरीत पेच आणखी अवघड होतो, कारण पूर्वापार रिवाजात तिची ओटी भरली जात नसे. आता अनेक घरे ती भरतात, काही पुस्तक किंवा शाल देऊन प्रश्न टाळतात, आणि पत्रिकेतील ओळ दोघांच्याही उपयोगी पडते.

त्यातून एक मधला मार्ग निघाला : आहेराऐवजी अमुक कार्याला देणगी द्यावी, हारतुऱ्यांऐवजी शाळेसाठी वह्या आणाव्यात, ग्रंथतुला करावी. तो वर सांगितलेल्या थैलीच्या परंपरेशी जवळीक सांगणारा आहे. फरक एवढाच की येथे पाहुण्याने कोठे द्यावे हे यजमान ठरवतो. ज्याला ते कार्य मान्य नाही त्याची पंचाईत होते.

अलीकडे या प्रश्नाला कराची बाजूही जोडली गेली. 1958 चा देणगी कर देणाऱ्यावर होता. तो 1 ऑक्टोबर 1998 पासून उठला. सप्टेंबर 2004 पासून प्राप्तिकराच्या रूपाने बोजा घेणाऱ्यावर आला. करमुक्त भेटींची मर्यादा प्रथम 25,000 रुपयांची होती, ती 2006 पासून 50,000 झाली, आणि ऑक्टोबर 2009 पासून दागिने, समभाग, चित्रे यांसारख्या वस्तूही तिच्यात आल्या. वर्षभरातील अशा रोख भेटींची बेरीज मर्यादेपलीकडे गेली की केवळ वरचा भाग नव्हे, तर सर्व रक्कम उत्पन्नात धरली जाते. लग्नात वधूवरांना मिळालेल्या भेटींना सूट आहे; साठीला किंवा सहस्रचंद्रदर्शनाला अशी सूट नाही, मग ते पुन्हा मंगलाष्टके म्हणून का साजरे होईना. नातेवाइकांकडून आलेले करमुक्त असते, पण कायद्याची नात्यांची यादी घरच्या यादीशी जुळत नाही. मामाने भाच्याला दिलेली रक्कम तिच्यात बसते. मामाच्या पंचाहत्तरीला भाच्याने दिलेली बसत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने मामा भाच्याचा नातेवाईक ठरतो, भाचा मामाचा नाही. मित्र, शेजारी आणि चुलत-मावस भावंडे तर दोन्ही बाजूंनी यादीबाहेरच राहतात.