गोठ्याला सातबारा नाही

१ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात ओळख-क्रमांकाचा बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. पुरात, वीज पडून किंवा वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात जनावर दगावलं आणि कानात बिल्ला नसला, तर भरपाईही नाही. सरकारी दवाखान्यातल्या सेवासुद्धा या बिल्ल्याला बांधल्या आहेत. हा निर्णय कालपरवाचा असला तरी त्याची मुळं जुनी आहेत. जनावराची नोंद मागितली गेली ती नेहमी दोनच निमित्तांनी. एक तर कुणीतरी पैसे देणार होतं, नाही तर रोग आला होता.

त्याआधी मराठवाड्यात जनावर ओळखायची रीत तोंडी होती, पण ढोबळ मुळीच नव्हती. देवणी या इथल्या गायीच्या जातीचंच बघा. तोंडावर काळं असलेली पांढरी गाय म्हणजे वानेरा, पोटाखालच्या बाजूला काळे ठिपके असले तर बालंक्या, अंगभर वेडेवाकडे काळे डाग असले तर शेवरा. वय दातांवर ठरायचं: आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. भोवरा कुठे आहे, शिंगाचं वळण कसं आहे, शेपटीचा गोंडा कोणत्या रंगाचा, हे सगळं गावातल्या पोरालाही सांगता यायचं. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा आणि मग पावती फाटायची. रंग, वय, किंमत, देणार, घेणार. बहुतेक घरांत जनावराचा कागद म्हणजे हा एवढाच. तोही कोनाड्यात पडून राहायचा, कारण परत कुणी मागणारच नव्हतं.

जमिनीचं तसं नव्हतं. सारा जमिनीवर होता, त्यामुळे निजामाच्या राज्यातही जमिनीची दफ्तरं होती आणि हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतर १९५४-५५ सालचं खासरा पत्रक झालं, जे जुने हक्क शोधायला लोक आजही तहसीलमधून काढतात. जनावरांची फक्त मोजदाद व्हायची. देशात १९१९-२० पासून पशुगणना होते आहे, विसावी २०१९ मध्ये झाली. पण गणनेत तुमची ‘चांदी’ आणि शेजाऱ्याची ‘कपिला’ यांत फरक नसतो. दोन गायी, एवढंच.

पहिला बिल्ला आला तो कर्जाबरोबर. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातल्या सगळ्या विकास गटांत लागू झाला आणि गरीब कुटुंबांना गाय, म्हैस, शेळ्या घ्यायला अनुदान व बँकेचं कर्ज मिळू लागलं. बँकेला तारण हवं, म्हणून जनावराचा विमा. विमा कंपनीला खूण हवी, म्हणून कानात बिल्ला. जनावर मेलं तर बिल्ल्यासकट कान कापून दाखवायचा. बिल्ला नाही तर दावा नाही. मग जे व्हायचं ते झालंच. काही ठिकाणी कान कंपनीकडे गेला आणि कानाशिवायची म्हैस दुसऱ्या गावच्या बाजारात उभी राहिली. या योजनेची थट्टा खूप झाली, पण एका अर्थाने शासकीय पशुनोंदीचा आपल्याकडचा पहिला धडा तोच. नोंद जनावराची नव्हती, पैशाची होती.

इथे जरा लांब जाऊन येतो. गोमांसासाठी जनावर पाळणाऱ्याला थेट अनुदान ही कल्पना आपल्याकडे रुजणारी नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीची आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल-वळूचीही कत्तल बंद आहे. युरोपात मात्र १९९२ च्या शेती धोरणातल्या बदलानंतर गोमांसाचे आधारभाव उतरवले गेले आणि त्याची भरपाई म्हणून डोक्यामागे पैसे मिळू लागले. पुढे ठरलेल्या नियमाने खच्ची न केलेल्या नराला आयुष्यात एकदा. खच्ची केलेल्याला दोनदा, वेगवेगळ्या वयांत. एका गोठ्यामागे एका वयोगटात वर्षाला ९० जनावरांची मर्यादा. आता ‘हाच बैल गेल्या साली दाखवला होता का?’ हा प्रश्न नोंदवहीशिवाय सुटेल कसा? त्यात ब्रिटनमध्ये वेड्या गायीचा रोग. २० मार्च १९९६ ला ब्रिटिश सरकारने या रोगाचा माणसातल्या आजाराशी संबंध असण्याची शक्यता जाहीर केली, आठवड्याभरात ब्रिटिश गोमांसाच्या निर्यातीवर बंदी आली आणि १ जुलै १९९६ पासून जन्मणाऱ्या प्रत्येक वासराला पासपोर्ट, म्हणजे त्याचं स्वतःचं ओळखपत्र, लागू झाला. पैसा आणि रोग, दोन्ही एकदम आले.

तिथल्या शेतकऱ्याने काय काय लिहायचं, हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं तर चक्रावायला होतं. दोन्ही कानांत बिल्ले. गोठ्याची स्वतःची वही: वासराचा जन्म, आईचा क्रमांक, जात, लिंग, कुठून आलं, कुठे गेलं, कधी मेलं. ब्रिटनमध्ये जनावर आलं-गेलं की ३६ तासांत नोंद, मृत्यूची ७ दिवसांत. वही १० वर्षं जपायची. तारीख चुकली तर त्या जनावराचं अनुदान जाऊ शकतं. स्कॉटलंडमध्ये मांसासाठीच्या वासरांचं अनुदान अजून चालू आहे. वासरू ३० दिवस तरी त्या गोठ्यात असावं लागतं आणि २०२५ पासून आईच्या दोन वेतांतलं अंतर ४१० दिवसांपेक्षा जास्त नको, अशी अट आली आहे. ते अंतर मोजायला वेगळा अधिकारी येत नाही. आधी लिहिलेल्या जन्मतारखाच साक्ष देतात.

मराठवाड्याकडे परत येऊ. दावणीची जनावरं सरकारी खर्चाने जगवायची वेळ आपल्याकडे दुष्काळाने आणली. २०१२-१३ मध्ये बीड, जालना, उस्मानाबादकडे चारा छावण्या लागल्या आणि २०१९ मध्ये पुन्हा. २०१९ च्या मे महिन्यात मोठ्या जनावराला दिवसाला ९० चे १०० रुपये झाले, लहानाला ४५ चे ५०. हा पैसा शेतकऱ्याच्या हातात नव्हता. छावणी चालवणाऱ्या संस्थेला जनावरांच्या हजेरीवर मिळायचा. म्हणजे हजेरीपट हीच तिजोरी. २०१३ मध्ये हजेरी कागदावर होती. २०१९ मध्ये कानातल्या बिल्ल्यावरचा बारकोड मोबाइलवर स्कॅन करून हजेरी घ्यायची व्यवस्था आली. तरीही बीड जिल्ह्यात अचानक तपासणी झाली तेव्हा दावणीला बांधलेली जनावरं कागदावरच्या जनावरांपेक्षा कमी निघाली. यात ज्याने स्वतःचे चार बैल घेऊन बायको-पोरांसह छावणीत मुक्काम ठोकला होता, त्याच्या हातात कसलाच कागद नव्हता. आपल्या बैलाच्या नावावर किती दिवस लागले, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

मधल्या काळात पावतीलाही अचानक महत्त्व आलं. २०१५ नंतर गाडीत बैल घालून निघालेल्याला रस्त्यात अडवलं जाऊ लागलं आणि कोनाड्यातली ती चिठ्ठी खिशात गेली. मे २०१७ मध्ये केंद्राने बाजारांसाठी नियम काढले: जनावर कत्तलीसाठी नाही असं लेखी द्यायचं आणि विक्रीच्या पाच प्रती करायच्या, विकणारा, घेणारा, महसूल कार्यालय, पशुवैद्यकीय अधिकारी आणि बाजार समिती यांना एकेक. आठवडी बाजारातल्या धुळीत पाच प्रती कुणी करायच्या, हे नियम लिहिणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या नियमांना देशभर स्थगिती मिळाली.

पिवळा, बारा आकडी बिल्ला गावोगाव पोहोचला तो लाळ्या-खुरकुताच्या लसीबरोबर. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने १३,३४३ कोटी रुपयांचा लसीकरण कार्यक्रम सुरू केला. लस टोचली की क्रमांक संगणकावर चढवायचा. पुष्कळांनी तेव्हा नाक मुरडलं. कान सडतो, दूध कमी होतं, सरकार उद्या कर लावणार, असं बोललं गेलं. २०२२ मध्ये लम्पी हा जनावरांचा त्वचारोग आला आणि सूर बदलला. मेलेल्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये मिळत होते. जनावर आपलं होतं हे पंचनाम्यात दाखवायचं होतं, आणि बिल्ला मारायला दवाखान्यात माणसं आपणहून येऊ लागली. ३० सप्टेंबर २०२४ ला गोशाळांतल्या देशी गायींसाठी रोज ५० रुपयांचं अनुदान ठरलं, तिथेही बिल्ल्याची अट आहेच.

मला खटकतं ते वेगळंच. स्कॉटलंडचा शेतकरी वही स्वतः लिहितो, ती त्याच्या घरात असते, म्हणून चूक झाली तर भांडायला त्याच्याकडे काहीतरी असतं. आपल्याकडे बिल्ला मारतो दवाखान्याचा माणूस, नोंद चढते त्याच्या मोबाइलवर, आणि गोठ्यात उरतो फक्त आकडा. बैल विकला की खरेदीदाराच्या नावावर नोंद बदलून घ्यावी लागते; बदलली नाही तर विकलेला बैल जुन्या मालकाच्या नावावर तसाच जिवंत राहतो. बाभळीत किंवा काटेरी कुंपणात अडकून बिल्ला तुटणं तर रोजचं. नवा बिल्ला मिळतो, पण जुना आकडा कुठे लिहून ठेवला नसेल तर नव्या क्रमांकाला मागची वेतं आणि मागच्या लसी जोडायच्या कशा? काही गोठ्यांत म्हणून आता दावणीच्या वरच्या भिंतीवर चुन्याने आकडे लिहिलेले दिसतात, गायीच्या नावाखाली.